पाळण्यांतले पाय

अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्यांत, जवळजवळ मध्यावर, डोंगररांगांमधल्या एका खोऱ्यांत स्टेट कॉलेज नांवाचें गांव आहे. १८५५ सालीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं तेथें एक शाळा निघाली. तिचेंच पुढें पेन स्टेट विद्यापीठ झालें आणि त्या विद्यापीठाभोंवतीं गांव वाढलें. गांवची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, आणि तेथलें फुटबॉलचें मैदान मात्र एक लाखाहून अधिक माणसें सामावून घेणारें! शरद् ऋतूंतल्या सामन्याच्या शनिवारीं निम्मेंअधिक राज्य तेथें लोटलें आहे कीं काय असें वाटावें, इतकी गर्दी होते. पण असे शनिवार वर्षाकांठीं सातआठच. उरलेल्या दिवसांत या लाखभर माणसांनीं करावें तरी काय? तीं बोलत बसतात. न्हाव्याच्या दुकानांत, चर्चच्या पायऱ्यांवर, कचेरीच्या मधल्या सुटींत, रेडिओवरच्या प्रश्नोत्तरांत तीं बोलतात; आणि त्या बोलण्याचा आवडता विषय होऊन गेलेले सामने हा नसतो, पुढल्या वर्षीं येणारीं मुलें हा असतो.

हीं मुलें सोळासतरा वर्षांचीं असतात. तीं अद्याप शाळेंत आहेत, आईच्या हातचें जेवत आहेत, गणिताच्या परीक्षेला भीत आहेत. बोलणाऱ्यांपैकीं हजारांत एकानेंहि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलें नसतें. तरीहि अमक्याचे खांदे अरुंद आहेत, तमक्याचें वजन आणखी वीस पौंड वाढेल, तिसऱ्याचें मन आपल्या विद्यापीठाकडे आहे पण आई मात्र दक्षिणेकडे ओढते आहे, असल्या गोष्टी घरच्या मुलाबद्दल बोलावें तितक्या सलगीनें बोलल्या जातात. वधूवरांच्या पत्रिका जुळविणारीं माणसें जितक्या गंभीरपणें ग्रह पाहतात, तितक्याच गंभीरपणें हे लोक मुलांचीं उंची, वजनें आणि धांवण्याचे सेकंद पाहतात.

पेन स्टेटमध्यें ही चर्चा एका जागेपाशीं येऊन विशेष रंगते. ती जागा लाइनबॅकरची.

अमेरिकेंतला फुटबॉल हा पायानें चेंडू मारीत नेण्याचा खेळ नव्हे, हें पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दींत घुसावयाचें, किंवा तो पुढें फेंकून आपल्या गड्याच्या हातीं पोंचवावयाचा, असा तो मुलूखगिरीचा खेळ आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड मुलूख सर केला म्हणजे आणखी चार प्रयत्न मिळतात. अडविणाऱ्या पक्षाचे गडी अकरा. त्यांतले तीनचार धिप्पाड गडी अगदीं सरहद्दीवर प्रतिपक्षाच्या नाकासमोर ओणवे उभे असतात. सर्वांच्या मागें कांहीं हलके, चपळ गडी लांबच्या फेंकीवर नजर ठेवून असतात. या दोन फळ्यांच्या मधें, सरहद्दीपासून चारपांच यार्डांवर, गुडघे किंचित् वांकवून जे दोन, तीन किंवा चार गडी सज्ज असतात ते लाइनबॅकर. मधला तो ‘माईक’, एका बगलेचा ‘सॅम’, दुसऱ्या बगलेचा ‘विल’, अशीं घरगुती नांवेंहि त्यांना पडलेलीं आहेत.

पुढच्या धिप्पाड गड्याचें काम कठीण खरें, पण तें ठरलेलें असतें. मागच्या गड्याला पळावें लागतें, पण कोणाच्या मागें पळावयाचें तें बहुधा त्याला माहीत असतें. लाइनबॅकरला मात्र चेंडू हलल्यापासून एका सेकंदाच्या आंत ठरवावें लागतें, कीं प्रतिपक्ष चेंडू घेऊन धांवणार आहे कीं फेंकणार आहे. धांवणार असेल तर पुढच्या फळींत पडणारें खिंडार त्यानें अंगानें बुजवावयाचें. फेंकणार असेल तर उलट्या पावलीं मागें सरून मोकळी जागा राखावयाची. आणि प्रतिपक्ष कांहीं दुधखुळा नसतो! चेंडू सोबत्याच्या हातीं दिल्याचा हुबेहूब आविर्भाव करून तो फेंकणें, ही त्याची नित्याची फसवणूक. म्हणून कसलेला लाइनबॅकर पहिल्या क्षणीं चेंडूकडे पाहतच नाहीं. तो समोरच्या फळींतल्या एखाद्या जड गड्याचें पहिलें पाऊल कोणीकडे पडतें तें पाहतो, कारण तें पाऊल सहसा खोटें बोलत नाहीं. स्वतःचें एक पाऊल चुकलें, कीं वीस यार्ड मुलूख गेलाच.

चर्चा रंगते ती येथेंच. ज्या गुणावर लाइनबॅकरची सारी मदार, तो समोरचा डाव वाचण्याचा गुण कोणत्याहि फुटपट्टीनें मोजतां येत नाहीं. उंची मोजतां येते, वजन तोलतां येतें, चाळीस यार्ड धांवण्याचा वेळ घड्याळावर दिसतो. शाळेच्या सामन्यांत तर एखादा दांडगा मुलगा चुकीच्या बाजूला निघूनहि केवळ वेगाच्या जोरावर परत फिरून गडी पाडतो, आणि पाहणारे टाळ्या वाजवितात. विद्यापीठांत समोरचे गडीहि तितकेच वेगवान असतात. तेथें परत फिरावयाला सवड मिळत नाहीं.

चाहत्यांच्या हातीं येणारा मुख्य पुरावा म्हणजे मुलानें स्वतः जुळविलेली चार मिनिटांची चित्रफीत. तींत त्याचे उत्तमोत्तम पराक्रम एकामागून एक येतात. जेथें तो फसला, जेथें त्यानें गडी सोडला, जेथें तो दमून चालूं लागला, तीं दृश्यें त्यानें गाळलेलीं असतात, आणि कोण गाळणार नाहीं? मुरलेले चाहते म्हणून अशा चित्रफितींत पाडलेला गडी पाहत नाहींत. ते थांबवून, मागें नेऊन, पुन्हां पुन्हां पहिलें पाऊल पाहतात. आणि मग शाळेच्या एखाद्या संपूर्ण सामन्याचें चित्रण कोठें मिळतें का याचा शोध करूं लागतात. पोटापाण्याच्या उद्योगांत इतकी चिकाटी दाखविली असती तर यांतले कित्येक लक्षाधीश झाले असते!

दुसरा पुरावा ताऱ्यांचा. शाळकरी खेळाडूंची प्रतवारी लावणें हा अमेरिकेंत एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे. देशभर फिरणारे परीक्षक मुलांना दोनांपासून पांचांपर्यंत तारे बहाल करतात. पांच तारे साऱ्या देशांत दरसाल तीसएक मुलांनाच मिळतात. एका प्रसिद्ध संस्थेनें ही संख्या बत्तीसाच्या आसपास ठेवली, कारण व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडींतल्या पहिल्या फेरींत बत्तीसच खेळाडू घेतले जातात. म्हणजे सतराव्या वर्षीं दिलेला तारा हें बाविसाव्या वर्षाचें भविष्य असतें.

या भविष्याची थट्टा करावयाची झाल्यास चाहते खलील मॅकचें नांव घेतात. फ्लॉरिडांतल्या फोर्ट पिअर्सच्या या मुलाला दोनच तारे मिळाले होते. मोठ्या विद्यापीठांनीं त्याच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, आणि तो न्यूयॉर्क राज्यांतल्या बफेलो विद्यापीठांत गेला. कॉलेज फुटबॉलचा जो संगणकावरचा खेळ घरोघर खेळला जाई, त्यांत या नवख्या लाइनबॅकरला शंभरांपैकीं ४६ गुण दिलेले होते. मॅकनें सदऱ्यावर तोच ४६ आंकडा घातला आणि कॉलेजचीं सारीं वर्षें तो मिरविला. २०१४ च्या व्यावसायिक निवडींत तो देशांत पांचवा आला, आणि २०१६ सालीं व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वोत्तम संरक्षक खेळाडू ठरला. पेन स्टेटच्या चाहत्याला तर इतक्या दूर जावयाचें कारणच नाहीं. जॉन्सटाउन या पोलादाच्या गांवचा जॅक हॅम त्या विद्यापीठांत आला तो त्या वर्षाच्या शिल्लक राहिलेल्या शेवटच्या शिष्यवृत्तीवर. तोच पुढें पिट्सबर्गच्या संघांतून चार अजिंक्यपदें जिंकून १९८८ सालीं व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत दाखल झाला.

परंतु हे दाखले देणारा चाहता एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतो. दोन ताऱ्यांचीं मुलें हजारों असतात. त्यांतला मॅक एकच आणि बाकीच्यांचीं नांवें कोणाला ठाऊक नाहींत. पांच ताऱ्यांच्या मूठभर मुलांतून व्यावसायिक संघांत जाणाऱ्यांचें प्रमाण इतरांहून पुष्कळच मोठें आहे. तारे खोटे नाहींत. ते समुदायाबद्दल बरेंचसें खरें बोलतात, आणि एकट्या मुलाबद्दल फारच थोडें. चाहत्याला समुदायाशीं कर्तव्य नसतें. त्याला या एका मुलाचें काय होणार तें आजच्या आज हवें असतें. भांडण जुंपतें तें म्हणून, आणि मिटत नाहीं तेंहि म्हणूनच.

त्यांत पुन्हां मुलगा ज्या जागेसाठीं घेतला त्या जागीं राहीलच असें नाहीं. हॅरिसबर्गचा मायका पार्सन्स शाळेंत सरहद्दीवर खेळून प्रतिपक्षाच्या फेंकणाऱ्यावर तुटून पडण्याबद्दल गाजलेला होता. २०१८ सालीं तो पेन स्टेटमध्यें आला आणि प्रशिक्षकांनीं त्याला मागें घेऊन लाइनबॅकर केलें. असल्या वाघाला मागें बांधून ठेवावयाचें काय, म्हणून तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. २०२१ च्या निवडींत तो देशांत बारावा गेला. फिलाडेल्फियाकडचा अब्दुल कार्टर २०२२ सालीं आला तो लाइनबॅकर म्हणूनच. त्याला २०२४ सालीं उलट पुढच्या फळींत नेण्यांत आलें, आणि २०२५ च्या निवडींत तो तिसरा गेला. दोघांच्याहि अंगावर ११ आंकड्याचा सदरा होता. एक पुढून मागें आला, दुसरा मागून पुढें गेला. शाळेंतल्या चित्रफितीवरून हें कोणी सांगितलें असतें?

११ हा आंकडा पेन स्टेटमध्यें साधा नव्हे. तो लव्हार अ‍ॅरिंग्टनचा. १९९८ सालीं इलिनॉयच्या संघाविरुद्ध चेंडू हलतांक्षणीं त्यानें प्रतिपक्षाच्या सबंध फळीवरून उडी घेतली आणि पलीकडे चेंडू हातांत घेतलेल्या गड्याला जागच्या जागीं पाडलें. पहिलें पाऊल वाचण्याचीहि वाट न पाहतां त्यानें क्षणच वाचला होता! १९९९ चें बटकस पारितोषिक, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा मान, त्याला मिळालें आणि २००० च्या निवडींत तो देशांत दुसरा आला. त्याचा मुलगा २०२५ च्या तुकडींत त्याच विद्यापीठांत, त्याच जागेसाठीं दाखल झाला. बापाची उडी ज्यांनीं पाहिली ते चाहते आतां पन्नाशीच्या घरांत आहेत. ते या मुलाकडे बघतात तेव्हां नक्की कोणाकडे बघत असतात, हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाहीं. उडी घेतली ती बापानें, आणि जमिनीवर उभें राहून ती दररोज ऐकावयाची ती मुलानें.

पेन स्टेटला ‘लाइनबॅकरांचें विद्यापीठ’ हें बिरुद कित्येक दशकें लावलें जातें. या बिरुदाच्या इतिहासांत एक पान असें आहे कीं तें उलटतांना बोलणाऱ्यांचा आवाज खालीं येतो. ज्या साहाय्यक प्रशिक्षकाला लाइनबॅकर घडविण्याचें श्रेय मिळत असे, तो जेरी सँडस्की. १९९९ पर्यंत तीस वर्षांच्या आसपास तो मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या हाताखालीं होता. नोव्हेंबर २०११ मध्यें त्याला अटक झाली आणि जून २०१२ मध्यें लहान मुलांवरील अत्याचारांच्या ४५ आरोपांवर तो दोषी ठरला. पॅटर्नो यांना विद्यापीठानें दूर केलें. अध्यक्षांनाहि पद सोडावें लागलें. गांवांतल्या माणसांनीं त्याला वर्षानुवर्षें जवळून पाहिलें होतें, त्याचे सत्कार केले होते. हजार मैलांवरच्या मुलाचें काळीज त्याच्या पहिल्या पावलावरून ओळखूं पाहणाऱ्यांना शेजारचा मनुष्य ओळखतां आला नव्हता. तें बिरुद आजहि मिरविलें जातें. कांहीं जुने चाहते तेवढें मात्र उच्चारीत नाहींत.

आतां दुसऱ्या बाजूनें पाहावें. चाहते मुलाला निवडतात असें त्यांना वाटतें खरें. पण निवड अखेर मुलगा करतो. १९६४ पासून अशी वहिवाट होती कीं मुलानें ठरल्या दिवशीं एका संकल्पपत्रावर सही करावयाची आणि त्या विद्यापीठाशीं बांधून घ्यावयाचें. बरींच वर्षें फेब्रुवारींतला पहिला बुधवार हा त्याचा दिवस असे. २०१७ पासून डिसेंबरांतहि सह्या होऊं लागल्या. शाळेच्या व्यायामशाळेंत टेबल मांडलेलें, त्यावर तीनचार विद्यापीठांच्या टोप्या ओळीनें ठेवलेल्या, मागें आईबाप आणि आजी, समोर कॅमेरे. मुलगा हात पुढें करतो, एका टोपीवरून दुसरीवर नेतो, आणि एक उचलून डोक्यावर ठेवतो. एका गांवांत जल्लोष होतो, आणि तिसऱ्या कुठल्या गांवांत कालपर्यंत हिरा असलेल्या मुलाचे खांदे एकाएकीं अरुंद ठरतात.

२०१५ च्या फेब्रुवारींत जॉर्जियांतल्या माँटेझुमा या लहानशा गांवच्या रोक्वान स्मिथ या लाइनबॅकरनें दूरचित्रवाणीवर कॅलिफोर्नियांतल्या एका विद्यापीठाचें नांव जाहीर केलें. संकल्पपत्र पाठवावयाचें तेवढें राहिलें होतें. तेवढ्यांत, ज्या प्रशिक्षकाच्या भरंवशावर त्यानें हा निर्णय घेतला होता तोच अटलांटाच्या व्यावसायिक संघाकडे चालल्याची बातमी आली. स्मिथनें पत्र हातांतच ठेवलें. तें पत्र मुलाला विद्यापीठाशीं बांधी, पण प्रशिक्षकाला मुलाशीं बांधीत नसे, हा त्यांतला मख्खीचा मुद्दा या सतरा वर्षांच्या मुलानें ओळखला. कांहीं दिवसांनीं तो आपल्याच राज्यांतल्या जॉर्जिया विद्यापीठांत गेला, आणि तेथेंहि त्यानें संकल्पपत्र केलें नाहीं. केवळ शिष्यवृत्तीच्या कागदावर सही केली. २०१७ चें बटकस पारितोषिक त्यानें मिळविलें आणि २०१८ च्या निवडींत तो देशांत आठवा गेला. समोरच्याचें पहिलें पाऊल पाहून मग आपलें उचलावयाचें, हें लाइनबॅकरचें कसब त्यानें मैदानाबाहेरच आधीं दाखविलें होतें.

त्यानंतरच्या दहा वर्षांत सारा व्यवहारच पालटला. २०१८ सालीं विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्या खेळाडूंची उघडी नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून एकदां विद्यापीठ बदललें तरी वर्ष फुकट घालविण्याची अट राहिली नाहीं, आणि त्याच वर्षीं खेळाडूंना आपल्या नांवाच्या व छबीच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. चाहत्यांनीं वर्गणी करून त्यासाठीं मंडळ्या उभारल्या. जुनें संकल्पपत्र २०२४ सालीं रद्द झालें. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीप्रमाणें विद्यापीठें स्वतःच खेळाडूंना पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठास सुमारें २ कोटि ५ लाख डॉलर ठरली.

मुलांच्या घामावर विद्यापीठांनीं अब्जावधि कमवावे आणि मुलांनीं मात्र शिष्यवृत्तीवर संतुष्ट असावें, हा जुना न्याय फारसा अभिमानास्पद नव्हता. तो गेला तें बरेंच झालें. पण चर्चेचा सूर बदलला हें खरें. पूर्वीं नव्या लाइनबॅकरबद्दल म्हणत, ‘तिसऱ्या वर्षीं तयार होईल.’ डाव वाचावयास शिकावयाला दोन वर्षें लागतात, हें सर्वांना पटलेलें होतें. आतां, तिसऱ्या वर्षीं तो येथें असेल कशावरून, असा उलट प्रश्न येतो. ज्यानें वर्गणी दिली आहे तो चाहता राहत नाहीं, सावकार होतो. आणि सावकाराला धीर कमी. पहिल्याच हंगामांत मुलाचें पाऊल चुकलें, तर पूर्वीं ‘पोर आहे’ म्हणत. आतां त्याची किंमत काढतात.

पेन स्टेटनें हा पालट २०२५ च्या अखेरीस स्वतःच्या अंगणांत पाहिला. लागोपाठ तीन पराभव झाल्यावर ऑक्टोबरांत विद्यापीठानें २०१४ पासूनचे मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना दूर केलें. नोव्हेंबरांत ते व्हर्जिनिया टेकला गेले, आणि पेन स्टेटला शब्द दिलेल्या मुलांपैकीं अनेक जण त्यांच्यामागोमाग तिकडे वळले. ज्या मुलांच्या पहिल्या पावलावर वर्षभर वाद झडले होते, तीं मुलें एका महिन्यांत परक्याचीं झालीं. डिसेंबरांत आयोवाहून मॅट कॅम्बेल हे नवे प्रशिक्षक आले आणि तिकडचे कांहीं खेळाडू त्यांच्याबरोबर आले. चर्चा एक दिवसहि थांबली नाहीं. नुसतीं नांवें बदललीं.

मुलगा हें सारें ऐकत असतो, ही गोष्ट बोलणाऱ्यांच्या ध्यानांत क्वचितच येते. त्याच्याविषयीं जें जें छापलें जातें, बोललें जातें, तें त्याच्या खिशांतल्या यंत्रावर त्याच रात्रीं पोंचतें. पन्नास वर्षांचा गृहस्थ त्याला ‘मंद’ म्हणतो, आणि तो शब्द घेऊन तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेंत जातो. मॅकसारखा एखादा तो शब्द सदऱ्यावर लावून फिरतो. बाकीच्यांनीं त्याचें काय केलें, तें कोठें नोंदलेलें नाहीं.

विद्यापीठांत आल्यावर मुलाचें वजन पुन्हां घेतात, उंची पुन्हां मोजतात. ती चित्रफितींतल्या उंचीहून बहुधा बोटभर कमीच भरते! मग त्याला सदरा मिळतो, डावांचें जाडजूड पुस्तक मिळतें, आणि रोज संध्याकाळीं अंधाऱ्या खोलींत बसून प्रतिपक्षाच्या जड गड्यांचीं पावलें पाहण्याचा अभ्यास सुरू होतो. पहिल्या हंगामांत तो खऱ्या जागीं क्वचित् दिसतो. खेळाच्या आरंभीं चेंडू दूर उडविला जातो तेव्हां त्याच्यामागें जीव तोडून धांवणाऱ्या तुकडींत त्याला घालतात. पांचसहा सेकंदांचें काम, कीं पुन्हां बाकावर. मैदानावरच्या लाखभर माणसांचें त्याच्याकडे लक्ष नसतें. त्यांची चर्चा एव्हांना पुढल्या सालच्या मुलांवर गेलेली असते, आणि तीं मुलें अजून शाळेंत आहेत. एखादा जुना चाहता मात्र दुर्बीण लावून, हा धांवूं लागला तेव्हां याचें पहिलें पाऊल कोणत्या बाजूला पडलें, तें पाहत असतो.